पुळीची धास्ती आणि रक्ताचा रिपोर्ट

जांघेत किंवा गुप्तांगावर पुळी दिसली आणि ती कशानं आली हे कळेना, की मनात सगळ्यांत आधी येणाऱ्या शंकांमध्ये हल्ली हर्पीसचा नंबर बराच वरचा असतो. पूर्वीच्या पिढ्यांत ती जागा गरमीची, म्हणजे सिफिलिसची, होती. पुढचा क्रमही आता ठरून गेला आहे. मोबाइलवर फोटो शोधायचे, त्यांतले सर्वांत भयंकर फोटो स्वतःच्या पुळीशी ताडून बघायचे, दोनेक रात्री झोपेचं खोबरं करायचं आणि शेवटी घरच्यांना पत्ता लागू न देता, घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचं एखादं पॅकेज मागवायचं. रिपोर्ट निगेटिव्ह आला की सुटलो, पॉझिटिव्ह आला की संपलो, असा हिशेब मनात पक्का असतो. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. हर्पीसची शंका आली तर फोड तपासावा, आणि फोड नसेल तर हर्पीस रक्तात शोधू नये, असं आज उपलब्ध असलेला पुरावा सांगतो. तपासणी जितकी जास्त तितकं चांगलं असं मानण्याच्या काळात हे विचित्र वाटेल, पण त्यामागचं गणित आणि त्वचेचं वागणं दोन्ही समजून घेतलं तर ते पटायला जड नाही.

आधी रोग केवढा ते पाहू. हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचे दोन प्रकार आहेत. एचएसव्ही-१ बहुतेकांना लहानपणीच, घरातल्याच कुणाच्या तरी लाळेतून मिळतो. तापानंतर ओठाच्या कडेला येणारे फोड त्याचेच. एचएसव्ही-२ मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालासाठीच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांत, म्हणजे ६४ टक्क्यांत, पहिला प्रकार आहे, आणि १५ ते ४९ या वयातल्या सुमारे ५२ कोटी लोकांत दुसरा. पहिला प्रकार मुखमैथुनातून जननेंद्रियांपर्यंतही जातो. दोन्ही प्रकार धरून जननेंद्रियांचा हर्पीस असलेल्यांची संख्या याच वयोगटात ८४ कोटींच्या वर जाते, म्हणजे दर पाचांत एकाहून अधिक. यांतल्या बहुसंख्यांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसतं, कारण त्यांना कधी लक्षात येण्याजोगं काही झालेलंच नसतं. विषाणू एकदा शिरला की मज्जातंतूंच्या गाठींमध्ये, तोंडाचा असेल तर चेहऱ्याच्या आणि कमरेखालचा असेल तर माकडहाडाजवळच्या, आयुष्यभर दबा धरून बसतो, अधूनमधून वर येतो, आणि सर्वसाधारण निरोगी प्रौढ माणसाला क्वचित येणाऱ्या फोडांपलीकडे फारसा त्रास देत नाही. नवजात बाळ, प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण आणि डोळा हे तीन अपवाद गंभीर आहेत. एचएसव्ही-२ मुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो, हेही खरं. जाता जाता एक गोंधळ दूर करायला हवा. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर, आणि ती कांजिण्यांच्या विषाणूपासून होते. केसपेपरवरचा 'हर्पीस' हा शब्द वाचून साठीतल्या वडिलांच्या चारित्र्याबद्दल कुजबुज करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता त्या पुळीकडे वळू. हर्पीसच्या फोडाला स्वतःचा एक स्वभाव आहे. तो येण्याआधी काही तास ते दिवसभर त्या जागी मुंग्या आल्यासारखं वाटतं, चरचरतं, कधी मांडीत किंवा कुल्ल्यात ठणका लागतो. मग लालसर झालेल्या कातडीवर पाण्यानं भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा पुंजका उठतो. एकुलती एक टणक पुळी सहसा येत नाही. एकदोन दिवसांत त्या फुटतात, उथळ, झोंबणारे व्रण राहतात, लघवी लागली तरी आग होते. पहिल्या खेपेला सोबत ताप, अंगदुखी, जांघेत अवधाण असं सगळंच येऊ शकतं आणि ते दोन-तीन आठवडे चालतं. पुढच्या खेपांना आठवडा-दहा दिवसांत खपली धरून सगळं बरं होतं. यातून एक साधी कसोटी हाती लागते. जी पुळी महिनाभर जशीच्या तशी आहे, दुखत नाही, फुटत नाही, ती हर्पीसची असण्याची शक्यता जवळजवळ नसते. शिश्नमुंडाच्या कडेनं एका-दोन ओळींत मांडल्यासारखे दिसणारे मोत्याच्या रंगाचे दाणे हे तरुणांच्या झोपमोडीचं फार मोठं कारण आहे, आणि तो रोगच नाही. ती त्वचेची ठेवण आहे. योनिमुखाशी स्त्रियांना तसेच मऊ, एकसारखे कोंब दिसतात, तेही निरुपद्रवीच. ओठांवर किंवा शिश्नाच्या कातडीवर कातडी ताणल्यावर दिसणारे पिवळट ठिपके म्हणजे केसाविना राहिलेल्या तैलग्रंथी. बहुसंख्य प्रौढांमध्ये त्या असतात आणि न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन फोर्डाइस यांनी १८९६ सालीच त्यांचं वर्णन करून ठेवलं आहे.

खरोखरीच्या आजारांतही हर्पीसखेरीज उमेदवार पुष्कळ. रेझर फिरवल्यानंतर केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या. मधोमध खळी पडलेले मोलस्कमचे गोल दाणे. रात्री खाज वाढवणारी आणि घरातल्या इतरांनाही सतावणारी खरूज, जी पुरुषांच्या गुप्तांगावर टणक गाठी उठवते. एचपीव्ही विषाणूचे चामखिळीसारखे कोंब. मधुमेहात वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग. जंतुनाशक पाण्यात न मिसळता थेट चोळल्यानं भाजलेली कातडी. आपल्याकडे यांत आणखी एका प्रकाराची भर पडते, ती म्हणजे ठरावीक औषधानं ठरावीक जागी उठणारा डाग. जुलाबासाठी केमिस्टकडून नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची जोडगोळी घेतली किंवा अंगदुखीची एखादी गोळी घेतली, की काही जणांना दर वेळी त्याच जागी, बरेचदा गुप्तांगावरच, लाल चट्टा येतो, त्यावर फोड धरतो, आणि तो गेल्यावर काळसर डाग उरतो. पुन्हापुन्हा, त्याच ठिकाणी, आपोआप बरा होणारा असा फोड पाहून त्याला हर्पीस ठरवण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो. गोळी आणि चट्टा यांची सांगड रक्ताच्या कुठल्याही तपासणीतून लागणार नाही. ती 'गेल्या आठवड्यात काय औषध घेतलंत?' या प्रश्नातूनच लागते. गजकर्णाची कथा तर आणखी वाईट. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये घातलेली मलमं वर्षानुवर्षं चोळून जांघेतल्या साध्या गजकर्णाचं रूप एवढं पालटतं की अनुभवी तज्ज्ञालाही ते पटकन ओळखता येत नाही. त्वचेवर लावायची स्टेरॉइडं २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत गेली, पण काउंटरवरची सवय यादीनं थोडीच मोडते.

यावर रास्त आक्षेप असा की हर्पीस नेहमी पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. खरं आहे. अनेकांना फक्त कातडीला बारीक चीर पडते, नुसती खाज येते, एखादा ओरखडा वाटावा असा व्रण होतो आणि चार दिवसांत नाहीसा होतो. नुसत्या नजरेवर भिस्त ठेवली तर असे रुग्ण निसटतात आणि ज्यांना नाही त्यांच्यावर शिक्का बसतो. पण या आक्षेपाचं उत्तर रक्तात नसून त्या चिरेतच आहे. व्रण ताजा असताना, शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत, त्यावर स्वॅब फिरवून पीसीआर केली तर विषाणू आहे की नाही आणि कोणत्या प्रकारचा आहे, दोन्ही कळतं. ही आजची सर्वांत भरवशाची तपासणी आहे. खपली धरल्यावर स्वॅब घेतला तर विषाणू असूनही हाती लागत नाही, म्हणून 'जरा थांबून बघू, आपोआप गेलं तर ठीक' हे धोरण इथं नेमकं उलटं पडतं. जिथं पीसीआर परवडत नाही तिथं व्रणाच्या तळाशी खरवडून काचपट्टीवर पेशी बघण्याची झांक तपासणी अजून चालते. १९४७ पासूनची ही पद्धत स्वस्त आहे, झटपट आहे, पण ढोबळ आहे. नागीण आणि हर्पीस यांतला फरक तिला कळत नाही आणि बरेच खरे रुग्ण तिच्यातून सुटतात.

रक्ताची तपासणी विषाणू शोधतच नाही. ती शोधते विषाणूविरुद्ध शरीरानं केलेली प्रतिपिंडं. विषाणूच्या कवचावरचं ग्लायकोप्रोटीन-जी हे प्रथिन दोन्ही प्रकारांत वेगळं असल्यानं त्यावर आधारलेल्या चाचण्या प्रकार वेगळा सांगू शकतात, हे खरंच मोठं पाऊल होतं. पण ही प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला बारा आठवडे लागू शकतात, त्यामुळे गेल्या पंधरवड्यातल्या संबंधाची धास्ती घेऊन आज केलेली तपासणी काहीच सांगत नाही. त्याहून मोठी अडचण खोट्या पॉझिटिव्हची आहे. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या स्वतंत्र तज्ज्ञगटानं २०१६ साली मांडलेला हिशेब असा. ज्या समाजात १५ टक्के लोकांना एचएसव्ही-२ आहे अशा दहा हजार जणांची सरसकट तपासणी केली, तर १,४८५ जण खरे पॉझिटिव्ह येतील आणि १,४४५ जण खोटे. म्हणजे 'तुम्हाला हर्पीस आहे' असं छापून आलेल्या दर दोन कागदांपैकी जवळजवळ एक चुकीचा. जिथं प्रमाण कमी, तिथं ही स्थिती आणखी बिघडते. त्याच चाचणीनं ५ टक्के लागण असलेल्या दहा हजारांना तपासलं तर खरे सापडतील ४९५ आणि खोटे साधारण १,६१५. चारांतले तीन कागद खोटे. चाचणी तीच आहे, बदललं ते फक्त तपासले जाणारे लोक. लक्षणं नसलेल्या माणसानं घाबरून ही तपासणी करणं म्हणजे स्वतःला दुसऱ्या गटात नेऊन बसवणं. म्हणूनच त्या तज्ज्ञगटानं लक्षणं नसलेल्यांची, गरोदर स्त्रियांचीही, हर्पीससाठी रक्तातून चाळणी करू नये असं ठरवलं आणि २०२३ साली पुराव्याची पुन्हा छाननी करून तोच निर्णय कायम ठेवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही या चाचण्यांच्या खोट्या पॉझिटिव्हबद्दल डॉक्टरांना आणि लॅबना सावध केलं.

असा एक रिपोर्ट समोर धरून बघू. त्यावर बहुधा दोन ओळी असतात: 'एचएसव्ही १+२ आयजीएम' आणि 'एचएसव्ही १+२ आयजीजी'. पहिली ओळ नुकत्याच झालेल्या लागणीची खूण समजली जाते, पण हर्पीसच्या बाबतीत आयजीएम जुन्या आजाराच्या उचलीतही वर येतं आणि त्यावरून प्रकारही कळत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांची मार्गदर्शिका ती चाचणी करूच नका म्हणते. दुसऱ्या ओळीत दोन्ही प्रकार एकत्र मोजले असतील तर लहानपणी आजीनं मुका घेतल्यामुळे आलेला एचएसव्ही-१ सुद्धा तिथं ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह म्हणून उभा राहतो. प्रकार वेगळे दिलेले असले तरी एचएसव्ही-१ तोंडात आहे की खाली, हे रक्त सांगू शकत नाही. आणि आकडा? मर्यादा बऱ्याचदा १.१ ची असते, रिपोर्टवर १.६ किंवा २.३ आलं की माणूस हादरतो, पण १.१ ते ३ या पट्ट्यातले एचएसव्ही-२ चे आकडे वारंवार खोटे ठरलेले आहेत आणि दुसऱ्या पद्धतीनं खात्री केल्याशिवाय ते निदान मानू नयेत. ही खात्री करणारी वेस्टर्न ब्लॉट तपासणी सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं नावारूपाला आणली; घरपोच पॅकेजच्या यादीत ती नसते. आपल्याकडे हा कागद सर्वाधिक जणींच्या हातात पडतो तो टॉर्च नावाच्या गरोदरपणातल्या किंवा गर्भपातानंतरच्या तपासणीतून. आंद्रे नहमियास यांनी १९७१ साली काही संसर्ग एकत्र बांधून हे नाव दिलं, ते नवजात बाळांच्या आजारांचा विचार करण्यासाठी. आज त्यातल्या हर्पीसच्या ओळीवर बोट ठेवून गर्भपाताचा दोष बाईच्या माथी मारला जातो, आणि सासरी त्या कागदाचा अर्थ काय लावला जातो हे वेगळं सांगायला नको. प्रत्यक्षात बाळाला खरा धोका असतो तो आईला बाळंतपणाच्या सुमारास नव्यानं लागण झाली तर; तेव्हा तो ३० ते ५० टक्के इतका मोठा आहे. जुना हर्पीस असलेल्या आईच्या बाबतीत तो एका टक्क्याहून कमी असतो.

सर्वांत वजनदार आक्षेप जोडीदाराचा. फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येतो, हे आता निर्विवाद आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कधीच लक्षणं न जाणवलेल्या एचएसव्ही-२ बाधितांच्या रोजच्या स्वॅबमध्येही सुमारे दहा टक्के दिवशी विषाणू सापडला. लक्षणं असणाऱ्यांत वीस टक्के दिवशी. मग न कळता दुसऱ्याला देण्यापेक्षा प्रत्येकानं तपासून घेतलेलं बरं नाही का? युक्तिवाद नैतिक आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण तो असं गृहीत धरतो की चाचणी बाधितांना नेमकं निवडून काढते. जिथं निम्मे किंवा त्याहून अधिक पॉझिटिव्ह खोटे असतील, तिथं प्रामाणिक माणूस नसलेल्या रोगाची कबुली जोडीदाराला देत बसेल, ठरलेलं लग्न मोडेल, आणि त्या बदल्यात कुणाचंच संरक्षण झालेलं नसेल. उलट ज्याच्या जोडीदाराला हर्पीस असल्याचं स्वॅबनं सिद्ध झालं आहे, किंवा ज्याला वारंवार व्रण येऊनही पीसीआर निगेटिव्ह येते, त्यानं प्रकार वेगळा सांगणारी रक्ततपासणी करण्यात अर्थ आहे, कारण तिथं शंका आधीच मजबूत असते आणि उत्तर आल्यावर करण्यासारखं काही असतं. २००४ सालच्या, १,४८४ जोडप्यांवरच्या औषधचाचणीत बाधित जोडीदारानं व्हॅलासायक्लोव्हिर हे औषध रोज ५०० मिलिग्रॅम घेतल्यावर आठ महिन्यांत दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ३.६ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आलं. कंडोमनं धोका कमी होतो, संपत नाही. फोड किंवा चरचर असेल त्या दिवसांत संबंध टाळणं हा उपाय फुकट आहे आणि त्याला कुठलाही रिपोर्ट लागत नाही.

'निदान मनाची खात्री तरी होईल' हा दुसरा आक्षेप दिसतो त्यापेक्षा कमकुवत आहे. एचएसव्ही-१ ची रक्तचाचणी साधारण तीस टक्के खऱ्या बाधितांना निगेटिव्ह दाखवू शकते, त्यामुळे निगेटिव्ह कागदानं सुटका होत नाही. पॉझिटिव्हनं तर प्रश्नांची माळच सुरू होते, कधी झालं, कुणाकडून, आता पुढे काय. धास्तावलेला माणूस एका कागदावर थांबत नाही, तो दुसऱ्या लॅबमध्ये जातो. हर्पीसभोवतीची लाजही रोगाच्या मानानं फारच मोठी आहे आणि तिला इतिहास आहे. २ ऑगस्ट १९८२ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हा रोग कलंकाची खूण म्हणून आला. पुढे एड्सनं त्याला मागं ढकललं, तरी शिक्का राहिलाच. गंमत अशी की ज्या दशकात ही भीती वाढली त्याच दशकात ॲसायक्लोव्हिर हे त्यावरचं औषधही आलं. त्यामागच्या संशोधनासह एकूण कामासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. आज त्याच्या जेनेरिक गोळ्या स्वस्तात मिळतात, चरचर सुरू झाल्याबरोबर घेतल्या तर उचल लवकर आटोपते, आणि वारंवार त्रास होणाऱ्यांनी रोज घेतल्या तर उचलीचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी घटतं.

याचा अर्थ तपासण्यांपासून पळावं असा नाही. असुरक्षित संबंधानंतरची धास्ती कामी लावायची असेल तर ती एचआयव्ही आणि सिफिलिस यांच्याकडे वळवावी. दोन्हींच्या चाचण्या भरवशाच्या आहेत, पॉझिटिव्हची खात्री करण्याची पद्धत ठरलेली आहे, आणि वेळेवर कळलं तर उपचारानं आयुष्य बदलतं. सिफिलिसचा पहिला व्रण तर सहसा दुखतच नाही. तो आपोआप भरतो आणि माणूस निर्धास्त होतो. दुखणाऱ्या पुटकुळीपेक्षा न दुखणारा एकुलता व्रण अधिक काळजीचा, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एचआयव्हीची तपासणी करण्याआधी समजावून सांगून संमती घेणं २०१७ च्या कायद्यानं बंधनकारक केलं आहे. हर्पीसची तपासणी मात्र साखर आणि थायरॉइडच्या शेजारी बसून, एकाही शब्दाचा सल्ला न देता, सवलतीत विकली जाते.

मग लोक रक्तच का देतात? कारण रक्त द्यायला कपडे काढावे लागत नाहीत. दंड पुढे केला की झालं. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. सरकारी रुग्णालयात 'त्वचा व गुप्तरोग विभाग' अशा पाटीखाली रांगेत उभं राहायचं म्हणजे ओळखीचं कुणी भेटेल ही भीती, आणि रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' रंगवून ठेवणाऱ्या वैदूंनी तो शब्द आधीच नासवून ठेवलेला. बाईला तर कुठं जायचं हेच कळत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली तर सोबत सासू असते. या संकोचावर रिपोर्टचा धंदा उभा आहे आणि त्याचं उत्तर संकोच कमी करण्यातच आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची सुरक्षा क्लिनिकं जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत, तिथं तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत मिळतं, आणि १०९७ या मोफत क्रमांकावर आधी फोन करून विचारता येतं. तिथली औषधं रंगांच्या किटमधून देतात. पुटकुळ्या दिसल्या तर लाल किट, त्यात ॲसायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, सात दिवस. पुटकुळी नसलेला व्रण दिसला तर सिफिलिस आणि शँक्रॉइड या दोन्ही गुप्तरोगांवर चालणारं पांढरं किट. अंदाज कधी चुकतो, म्हणून रुग्णाला आठवड्यानं परत बोलावतात, आणि सिफिलिस व एचआयव्हीसाठी रक्तही घेतात. लाल की पांढरं हे मात्र फोड बघूनच ठरतं. हर्पीसच्या रक्ततपासणीला त्या निर्णयात जागाच नाही.